कण्यालगतची उजळ कड

सोडियम फ्लोराइडचा पेट स्कॅन आम्ही करतो तो हाडांसाठी. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांत उतरलाय का, ते बघायला. काही वर्षांपूर्वी एका आजोबांचा असाच स्कॅन वाचत होते. मणके स्वच्छ होते. मात्र त्यांच्या पुढ्यात, किंचित डावीकडे, एक बारीक उजळ कड होती आणि ती हाडाची नव्हती. सीटीवर पाहिलं, तर पोटातली महाधमनी तिथे ४.२ सेंटिमीटरपर्यंत फुगलेली.

या फुगवट्याला आपण मोजपट्टी लावतो. पुरुषांत ५.५ सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रियेचा विचार, तोवर ठरावीक अंतराने सोनोग्राफी. नियम चांगला आहे, त्याने माणसं वाचतात. पण भिंत किती कमजोर झाली आहे, हे व्यास सांगत नाही. काही लहान फुगवटेही फुटतात. फ्लोराइड भिंतीत नुकत्याच साचू लागलेल्या कॅल्शियमच्या कणांना चिकटतं. ते कण इतके बारीक, की सीटीला दिसतच नाहीत. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१८ साली ७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या भिंतीत फ्लोराइड सर्वाधिक साचलं, त्या गटातले फुगवटे सर्वांत कमी साचलेल्या गटापेक्षा सुमारे अडीच पट वेगाने वाढले.

वाचायला सोपं वाटतं. पडद्यासमोर बसलं की कळतं, महाधमनी कण्याला अगदी खेटून आहे आणि कणा फ्लोराइडने लखलखत असतो. त्याचा उजेड शेजारी सांडतो आणि धमनीच्या मागच्या भिंतीवर पडतो. हा उजेड भिंतीचा स्वतःचा की मणक्याकडून आलेला? एकेका छेदावर थांबून, हाताने सीमारेषा आखून ते ठरवावं लागतं. घाई केली तर निरोगी भिंतही आजारी दिसते. मी अजूनही शंका आली की मागचा भाग मोजणीतून वगळते.

स्कॉटलंडमध्येच ३४२ रुग्णांना लोहाचे अतिसूक्ष्म कण देऊन एमआरआयने भिंतीतला दाह शोधला गेला. दाह दिसला, पण व्यास, धूम्रपान अशा आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींपलीकडचं भाकीत त्यातून मिळालं नाही. म्हणून आजही केवळ अशा स्कॅनवर कुणाला शस्त्रक्रियेला पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आजोबांच्या रिपोर्टमध्ये व्यास लिहिला, उजळ कडही लिहिली, आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना पोटात काहीच दुखत नव्हतं. बहुतेकांना फुटेपर्यंत दुखत नाही. तुमच्या घरात ६५ ओलांडलेले, कधीकाळी विडी-सिगरेट ओढलेले वडील किंवा काका असतील, तर डॉक्टरांना विचारून एकदा त्यांच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्या.