मुका फवारा

एखादे यंत्र बिघडले की माणसांच्या तऱ्हा पाहाव्यात. कुणी त्याला थापटतो, कुणी शिव्या घालतो, कुणी पिशवी घेऊन थेट नवे आणायला निघतो. मी या कुणातलाच नाही. मी चष्मा चढवतो, आणि बिघाड असण्याचा संभव जिथे सर्वांत कमी, नेमका तिथून शोधाला प्रारंभ करतो.

बदलापूरला आमच्या घरापुढे हिरवळीचा एक तुकडा आहे. पाचसहा बाजली मावतील एवढाच. पण सारा जन्म चाळीत काढलेल्या माणसाला तेवढे गवतही जहागिरीसारखे वाटते. गेल्या वर्षी मुलाने परदेशी परतण्यापूर्वी तिथे फवारा बसवून दिला. पहाटे सहाला टायमर 'टक्' करी, मोटार सुरू होई, आणि जमिनीतून तीन तोट्या डोकी वर काढून गोल फिरू लागत. तो सोहळा पाहायला मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसत असे आणि रोज एक फोटो मुलाला पाठवत असे.

पाहुणा सापडला तर मी त्याला भूगोलही ऐकवी. आंध्रा नदी मावळातली. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे देहू, आळंदी आणि पंढरपूर हा तिचा सरळ मार्ग. पण ठोकरवाडीला धरण बांधून तिचे पाणी घाटाखाली सोडले, आणि १९२२ साली भिवपुरीच्या वीजघरात त्यावर चक्रे फिरू लागली. काम आटोपलेले ते पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात येते, आणि उन्हाळ्यात आमची नदी वाहती राहते ती मुख्यतः त्याच्या जोरावर. "तेव्हा महाराज," मी पाहुण्याला म्हणे, "पंढरीला निघालेलं हे पाणी तुमच्या पायाशी नाचतं आहे!" पाहुणे पाय मागे घेत.

एप्रिलातल्या एका पहाटे टायमरने 'टक्' केले आणि पुढे काहीच झाले नाही. तोट्या जमिनीतच राहिल्या.

पहिल्या दिवशी मी सुई घेऊन तिन्ही तोट्यांची भोके साफ केली. दुसऱ्या दिवशी गाळणी उघडून धुतली. तिच्यात वाळू होती, दोन मुंगळे होते. फवारा ढिम्म. तिसऱ्या दिवशी अंबरनाथहून एक कारागीर आला. त्याने मोटारीकडे लांबून पाहिले, 'गेली' म्हणाला, येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि तोही गेला. एवढ्या वेळात ही ओट्यावर मेथी निवडत बसली होती. एरवी माझ्या प्रत्येक दुरुस्तीवर हिचे काही ना काही म्हणणे असते. या खेपेला चकार शब्द नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चौथ्या दिवशी मी मोटारीचा कपॅसिटर काढला (काढण्यापूर्वी त्यात साठलेली वीज उतरवावी लागते, मी उतरवली नव्हती, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या) आणि तो रुमालात बांधून लोकलने उल्हासनगरला गेलो. बदलापूरपासून दोनच स्टेशने. युद्धकाळातल्या लष्करी छावणीत सिंधहून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या छावणीला आमच्याच नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. मिळेल त्या वस्तूचे काही तरी करून दाखवण्याची ज्यांच्यावर पाळी आली, त्यांच्या नातवंडांच्या हाती अजून ती कला आहे, अशी माझी श्रद्धा.

दुकानदार म्हाताराच होता. रुमाल सोडण्यापूर्वीच त्याने विचारले, "काका, मोटर गुणगुणती है?"

"नाही. अगदी गप्प आहे."

"तो फिर ये बेचारे को क्यों लाया? कपॅसिटर बिघडला तर मोटर हूं हूं करेल, फिरणार नाही. गप्प आहे म्हणजे बिजली पोचतच नाही. टाकीत फ्लोटर आहे?"

होता. पाणी खाली गेले की तो लोंबकळतो, वीज तोडतो आणि मोटार कोरडी फिरून जळत नाही.

"मग टाकी बघ," तो म्हणाला, आणि एक पैसाही घेईना.

घरी येऊन टाकीचे झाकण उचलले. पाणी निम्म्याला होते, म्हणजे फवाऱ्याला पुष्कळ. पण फ्लोटरची वायर कुणीतरी वर ओढून, पाइपाला कापडाच्या चिंधीने बांधून टाकली होती. त्यामुळे टाकी अर्धी भरलेली असूनही तो हवेत लोंबत होता. चिंधीवर हिरवा काठ होता. तो मी ओळखला. गेल्या दिवाळीनंतर जुनी म्हणून काढलेल्या साडीचा.

"अगं, हे तू?"

"मी," ही म्हणाली. "बसवणारा मुलगा तुम्ही झोपला होतात तेव्हा मलाच सगळं समजावून गेला होता. कामाच्या बाईंच्या वस्तीत पाणी धड येत नाही. दुपारी त्या आणि शेजारच्या दोघी आपल्या टाकीतून हंडे भरून नेतात. पहाटे तुमचा फवारा टाकी रिकामी करायचा, मग त्यांनी काय न्यायचं?"

"मला सांगायचं नाही?"

"रोज मुलाला फोटो पाठवता. कसं सांगू?" मग जरा थांबून म्हणाली, "पंढरपूरला निघालेलं पाणी, असं तुम्हीच म्हणता ना पाहुण्यांना? वाटेत कुणी दोन हंडे घेतले तर विठोबा रागावतो थोडाच?"

मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर रागच आला होता. पाण्याचा नव्हे, चार दिवस मला तोट्या टोकरताना ही मुकाट्याने पाहत बसली याचा. संध्याकाळी टाकीशी गेलो. गाठ सोडायचीच म्हणून गेलो होतो. चिंधी सैल झाली होती. ती सोडून सुतळीने घट्ट बांधली, त्याच जागी.

मे महिन्यात गवत वाळून चटईसारखे झाले. रविवारी मुलाचा फोन आला. "बाबा, फोटो का नाही? फवारा चालतो ना?"

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"चालतो," मी म्हणालो. "पण टाकी अर्धी झाली की थांबतो. तुझ्या आईनं तसा बांधला आहे. थांब, तिलाच देतो फोन."