चोवीस व्होल्ट

'आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच,' असे मी गेल्या वर्षापर्यंत अभिमानाने सांगत असे. अण्णा सातवी करून क्लीनर म्हणून ट्रकवर चढले. आज बावीस वर्षे ते ड्रायव्हर आहेत. लासलगावचा कांदा भरायचा आणि सुमारे १२०० किलोमीटरवरच्या दिल्लीच्या आझादपूर मंडईत उतरवायचा, हे त्यांचे आयुष्य. ट्रक मालकाचा. उन्हाळ्यात रात्री केबिनमध्ये डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी तेच जागे डोळे घेऊन गाडी हाकावी लागते. २०२५ पासून नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. पण अण्णांची गाडी जुनी.

म्हणून शिष्यवृत्तीचे पैसे हाती येताच मी एक इन्व्हर्टर आणला. घरात असतो तो मोठा नव्हे. जेवणाच्या डब्याएवढा, डॅशबोर्डवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा. बॅटरीची वीज घेऊन तो घरच्यासारखी २३० व्होल्टची करून देतो. अण्णांनी तो उलटा केला, खालची चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "हा मोटारीचा हाये रे, बारा व्होल्टचा. ट्रकला दोन बॅटऱ्या एकापुढं एक, चोवीस व्होल्ट. खोचला की जळंल."

चिठ्ठी इंग्रजीत होती आणि मी ती वाचलीच नव्हती. बदलून चोवीसचा, २०० वॉटचा आणला. सोबत एक टेबलफॅनही घेतला. महिन्याभराने पाहतो तर फॅन घरी माळ्यावर! "गाडी चालू असताना मोबाइल चार्ज करतो की त्याच्यावर," अण्णा म्हणाले. मला राग आला. 'अडाणीपणा, दुसरे काय!' असे मी मनात म्हटले. आज हे लिहितानाही लाज वाटते.

मे महिन्याच्या सुटीत मी अण्णांबरोबर दिल्लीला निघालो. पहिल्या सत्रातला इंग्रजीचा पेपर राहिला होता. वाटेत अभ्यास करायचा म्हणून जुना लॅपटॉप घेतला आणि हट्टाने फॅनही घेतला. दुसऱ्या रात्री शिवपुरीच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. अण्णा केबिन माझ्यासाठी सोडून बाहेर बाजेवर आडवे झाले. जाताना एवढेच म्हणाले, "पंखा तासभर लाव. मग बंद कर."

मी 'हो' म्हटले. तीन तास वाचले आणि वाऱ्यावर छान झोप लागली. पहाटे कसलासा पीं-पीं आवाज आला. कोणी ट्रक मागे घेत असेल, असे समजून मी कूस बदलली. तो इन्व्हर्टरचा इशारा होता.

सकाळी अण्णांनी किल्ली फिरवली. नुसते टक्-टक्. पुन्हा टक्-टक्. भरलेला ट्रक काही ढकलून चालू होत नाही. शेजारचे ट्रक पहाटेच निघून गेले होते. दोन-अडीच तासांनी एक सरदारजी थांबले. त्यांच्या बॅटरीला तारा जोडून आमचे इंजिन सुरू झाले. पण मंडईत पोचायला उशीर झाला. माल दुसऱ्या दिवशी विकला गेला आणि मालकाने अण्णांच्या भत्त्यातून पैसे कापले.

अण्णा एका शब्दानेही रागावले नाहीत. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "झोप लागली ना?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच हिशेब मांडला. "पंखा पन्नास वॉटचा. त्याला चोवीसनं भाग. दोनाच्या वर अँपिअर. इन्व्हर्टर सोता खातो ते धरून अडीच. आठ तासांचे वीस. तुझ्या लॅपटॉपचे साठ वॉट, तीन तास. ते आणखी नऊ. झाले का तीसाच्या आसपास? नव्या बॅटऱ्यांनी निभावलं असतं. ह्या थकल्यात. उरल्या विजेवर दिवा लागंल, पण इंजिन फिरवायला एकदम शेकड्यानं अँपिअर लागतात." थोडे थांबून म्हणाले, "रातची बॅटरी म्हणजे सकाळची भाकर असती."

हा सगळा हिशेब त्यांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता केला. मी वहीत तो पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

"मग अण्णा, फॅन आणला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू पहिल्या पैशातून आणला होता. नको कसं म्हणायचं?"

परतीच्या वाटेवर धुळ्याला आम्ही ट्रकचाच छोटा पंखा घेतला, चोवीस व्होल्टचा. तो थेट बॅटरीवर चालतो. विजेचे रूप बदलण्यात जाणारा तोटा नाही आणि खर्च टेबलफॅनच्या निम्म्याहूनही कमी. तोसुद्धा अण्णा घड्याळ लावूनच वापरतात. इन्व्हर्टर आता इंजिन चालू असतानाच काम करतो. दिल्लीहून येताना त्यावर लॅपटॉप लावून मी इंग्रजी वाचले आणि जूनमध्ये पेपर सुटला.

हल्ली मी 'घरातला पहिला शिकलेला' असे म्हणत नाही. कोणी विचारलेच तर सांगतो, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला.

— द्वितीय वर्ष कला