दहाव्या पुरुषाची वाट न पाहता

पुण्याजवळच्या माणमध्ये राहून बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांची प्रार्थना चालवायची म्हटले की श्रद्धेआधी अंतराचा प्रश्न येतो. कॅम्पातले लाल देऊळ असो की रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो, पुण्यातली सिनेगॉग इथून वीसेक किलोमीटरवर आहेत. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वाहनात बसू नये हा दंडक तंतोतंत पाळायचा, तर आयटी पार्कच्या नोकऱ्यांमुळे हिंजवडी-माणकडे राहायला आलेल्या घरांना त्या दिवशी सिनेगॉग बंदच झाले. घरी सामुदायिक प्रार्थना करायची, तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष (मिन्यान) लागतात, आणि इथे ते जमत नाहीत. हे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. संख्या घटत असताना मंडळीच्या प्रमुखाने आधी मोजणी रुंद करावी. बायकांना मिन्यानमध्ये धरावे, प्रार्थना चालवायला पुढे बोलवावे, हिब्रूबरोबर मराठीत वाचावे, आणि गाडीने येणाऱ्याला अपराधी वाटू देऊ नये.

हे परदेशातून आणलेले फॅड आहे असे काहींना वाटते. आमचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कोकणात तेलघाण्यावर पोट भरणारे आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्याजवळ रब्बी नव्हता, सिनेगॉग नव्हते. शेमाची प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम एवढ्या शिदोरीवर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले ते १७९६ मध्ये. तोवर धर्म घरातच राहत होता. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, यांच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा आजही घरातच होतो. पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह पेसाह सणाला वाचायची हग्गादा छापली गेली, आणि तिच्या चित्रांत पेसाहची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. म्हणजे भाषा बदलणे, घराला प्रार्थनास्थळ करणे, हाती असलेल्या माणसांवर भागवणे हे सगळे आमच्याच परंपरेत बसते. बायकांची गणती तेवढी राहून गेली होती.

ती उणीव भरून काढायला डॉ. जेरुशा झिराड पुढे आल्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. लंडनला शिकत असताना क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा परिचय झाला, आणि १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूइश रिलिजियस युनियन उभी राहिली. पुढे कामा हॉस्पिटलची धुरा अनेक वर्षे त्यांच्याकडे होती, आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की आपल्याकडची प्रागतिक मंडळी एका डॉक्टर बाईने, धर्मगुरूची पदवी नसताना, उभी केली. ऑश्विट्झमधून वाचलेले रब्बी ह्यूगो ग्रिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत काही वर्षे होते. ते मोठे बळ होते, पण रब्बी आले आणि गेले; मंडळी चालवली ती नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या सभासदांनीच.

याला सर्वांत गंभीर आक्षेप असा की एक नियम सैल केला की दुसरा सुटतो, आणि मग इतर ज्यू आपल्याला ज्यू मानणार नाहीत. या भीतीमागे खरी जखम आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करायला सांगितले. त्याविरुद्ध आमच्या लोकांनी लढा दिला, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले. पण ती चौकशी कोणाच्या वाट्याला आली? शब्बाथ आणि सुंता निष्ठेने पाळणाऱ्यांच्याही. काटेकोर आचरणाने तो संशय टळला नव्हता. तो हटला एकत्र उभे राहिल्याने. तेव्हा दुसऱ्याच्या मान्यतेसाठी आपल्याच मुलींना मागच्या बाकावर बसवणे मला पटत नाही.

दुसरे म्हणणे असे की लोक सुधारणा नव्हती म्हणून गेले नाहीत, इस्रायल झाले म्हणून गेले. मग सुधारणेने काय साधणार? पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. १९५१ च्या जनगणनेत देशात २६ हजारांवर ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. प्रार्थनेची पद्धत बदलून गेलेले परत येणार नाहीत, तसा दावाही नाही. प्रश्न राहिलेल्यांचा आहे. नऊ पुरुष आणि सात बायका जमल्या असताना मिन्यान नाही म्हणून मृतासाठीचा कद्दीश थांबवायचा, तर ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घराला आपण काय देतो?

तिसरी काळजी सुरक्षेची. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, २०१० मध्ये कोरेगाव पार्कात, छबाड हाउस या ज्यू केंद्रापासून जवळच जर्मन बेकरीत स्फोट झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या इस्रायल-गाझा युद्धाने ताण पुन्हा वाढला. अशा वेळी दारे मिटून, जुन्या ओळखीच्या चार घरांपुरते राहावे, असा सल्ला जाणती माणसे देतात. दारावर नाव विचारणे, पोलिसांना कळवणे, जमण्याची जागा जाहीर न करणे हे सगळे आवश्यकच आहे. पण बाहेरच्या धोक्यासाठी लावलेली कडी आतल्या माणसांवर पडू नये. मिश्रविवाह झालेली घरे, हिब्रू न येणारी मुले, इस्रायलच्या राजकारणाबद्दल एकमेकांशी टोकाचे मतभेद असलेली भावंडे, या सगळ्यांना एका खोलीत बसता आले पाहिजे, आणि त्या प्रार्थनेचे व्यासपीठ कोणत्याही सरकारचे समर्थन किंवा निषेध करण्यासाठी वापरू नये, असे मी मानतो.

या मार्गाची अडचण एकच, आणि ती मोठी आहे: ज्ञान. रब्बी नसताना चालवायचे तर सभासदांना वाचता आले पाहिजे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हिब्रू पाठांतरावर चालते. स्त्रियांना मोजले पण शिकवले नाही, तर ती मोजणी कागदावरच राहते. म्हणून माझ्या मते आता पैसा आणि वेळ इमारतीपेक्षा मुलामुलींना तोरा हा धर्मग्रंथ वाचायला शिकवण्यावर आधी खर्च व्हावा, आणि शिकवणीची जागा माण-हिंजवडीकडेच असावी, कारण आठवड्यातल्या कामाच्या संध्याकाळी रास्ता पेठ गाठणे इथल्या मुलांना जमत नाही.