तिला ‘बाहेरचं’ झालं होतं म्हणे!

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोलापुरात गल्लीच्या तिठ्यावर अजूनही दहीभात, कापलेलं लिंबू, हळदकुंकू लावलेला नारळ पडलेला दिसतो. शाळेला निघालेली पोरं त्याला वळसा घालून जातात. भूत आहे की नाही, हा वाद घालायला मी लेखणी उचललेली नाही. पण भुताची भीती खरी असते आणि तिचा पहिला घाव माणसामाणसांतल्या नात्यावर बसतो. वयाच्या पंधराव्या वर्षी मी तो सोसला आहे.

1992 साल. आम्ही दोघी मैत्रिणी दहावीला होतो. तिचं घर विणकराचं, घरात तेलुगू बोलायचे. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे. आमचं घर बौद्धाचं, वडील गिरणीत. दोघींच्या आया एकाच कारखान्याच्या विड्या वळायच्या. शाळा सुटली की आम्ही दोघी सूप मांडीवर घेऊन बसायचो. ती पानं कापायची, मी वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करायची. हात चालू आणि तोंडाने इतिहासाच्या सनावळ्या पाठ. कधी तिच्या घरी भात-सांबार, कधी आमच्याकडे भाकरी आणि शेंगाची चटणी.

एका संध्याकाळी शिकवणीहून परत येताना, चिंचेच्या झाडाजवळ ती बोलता बोलता थांबली. डोळे एका जागी लागले. उजवा हात झटके देऊ लागला आणि बघता बघता ती खाली कोसळली. दात आवळलेले, तोंडाला फेस. लोक गोळा झाले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, “आज अमावस्या, आणि पोर झाडाखालून आली!” झालं. त्या एका वाक्यावर साऱ्या गल्लीचा निकाल लागला.

पंधरा दिवसांत आणखी दोनदा तसंच झालं. तिच्या घरच्यांनी देवऋषी आणला. त्याने अंगारा लावला, गंडा बांधला, दोनशे रुपये घेतले आणि सांगितलं, “ही करणी आहे. देव नसलेल्या घरचं अन्न हिच्या पोटात गेलंय. पांढऱ्या साड्या नेसून पूजा करणाऱ्यांच्या घरचं.” त्या गल्लीत तसं घर आमचं एकच येत-जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिच्या आईने अर्धंच दार उघडलं. “नको येऊ बाई आता,” एवढंच बोलली. नळावर बायका माझ्यापासून हंडा बाजूला ओढू लागल्या. आमच्या घरातही भीती शिरली होती. आजोबांनी 1956 च्या धर्मांतरानंतर घरातले देव पाण्यात सोडले होते, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. पण आजीच्या मनातली भुतं काही भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली नव्हती की काढून टाकावीत. ती म्हणाली, “कशाला जायलीस तिकडं? तिचं तुझ्या अंगावर येईल.” त्यांच्या घराला वाटत होतं बाधा आमच्याकडून आली, आमच्या आजीला वाटत होतं ती त्यांच्याकडून येईल. भीतीला जात नसते, पण बोट दाखवताना ती जात बरोबर शोधते.

आई शांतपणे म्हणाली, “आपण कुणाचं वाईट केलं नाही, मग तोंड कशाला लपवायचं? पण एकटी जाऊ नको, मी येते.” तिने सूप उचललं, तंबाखू-पानं घेतली आणि सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन विड्या वळायला बसली. कुणाशी वाद नाही, भांडण नाही. तीन दिवस ती रोज तिथे बसली. चौथ्या दिवशी मैत्रिणीची आईसुद्धा तिच्याशेजारी सूप घेऊन बसली. कारखान्यात विड्या द्यायच्याच होत्या आणि दोघींचे हात एकमेकींच्या सवयीचे होते.

मी काय केलं? आईच्या विड्यांचा हिशेब मीच लिहायची. किती पानं आली, किती हजार वळल्या, छाटात किती गेल्या. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी मैत्रिणीच्या फिटचा हिशेब लिहू लागले. तारीख, वेळ, त्याआधी ती काय करत होती, झटका कुठून सुरू झाला, किती वेळ टिकला. महिना-दीड महिन्यात सहा नोंदी झाल्या. त्यात अमावस्या एकच निघाली. चिंचेचं झाडही एकदाच. पण सहापैकी चार वेळा ती आदल्या रात्री अभ्यासासाठी जागलेली होती, आणि प्रत्येक वेळी पहिला झटका उजव्या हातालाच आला होता.

देवऋषीने शनिवारी रात्री मिरचीची धुरी द्यायचं ठरवलं होतं. गुरुवारी मी ती वही तिच्या वडिलांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, “मागावर सूत तुटलं तर कुठं तुटलं ते आम्ही बघतो. करणी झाली म्हणून माग बंद ठेवत नाही.” शुक्रवारी सकाळी दोन्ही आया आणि आम्ही दोघी सिव्हिल हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टरांनी मैत्रिणीला विचारलं, “काय होतं तुला?” तिला काहीच सांगता येईना. येणार कसं? शुद्धच हरपलेली. मग त्यांनी माझी वही घेतली. ती वाचून म्हणाले, हा अपस्मार आहे, ज्याला आपण फेफरं किंवा फिट म्हणतो. मेंदूच्या पेशींमध्ये बारीक विजेसारखे संदेश सतत फिरत असतात. त्यांचा एकदम गोंधळ उडाला की झटका येतो. मेंदूचा आलेख काढतात, तपासण्या करतात, पण निदानाचा मोठा आधार असतो तो झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने दिलेल्या माहितीचा. पळून गेलेला माणूस ती माहिती देऊ शकत नाही. जवळ थांबून नीट पाहणारं कुणीतरी रोग्यापाशी लागतं.

गोळ्या सुरू झाल्या. पण तिच्या आईने घरी येऊन माझ्या आईला हळूच सांगितलं, “फेफरं म्हणू नका कुणाला. बाहेरचं होतं, उतरलं, असंच म्हणा. पोरीचं लग्न व्हायचंय.” तेव्हा मला उमगलं की आईबापांना आजारापेक्षा भूत का परवडतं. भूत उतरतं, आजाराचा शिक्का उतरत नाही. आणि ही भीती बिनबुडाची नव्हती. हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, अपस्माराचे वारंवार झटके ही विवाहाला बाधा मानली होती. 1999 च्या दुरुस्तीने ती अट काढली गेली. म्हणजे त्या आईच्या मागे कायदासुद्धा उभा नव्हता.

आज तो उभा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तो त्यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झालेल्या खुनानंतर अखेर त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषध मिळालं तर शंभरातले सत्तर जण झटक्यांविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या मैत्रिणीने काही वर्षं नेमाने गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी केल्या. लग्न ठरताना तिने स्वतः सगळं सांगितलं. दोन स्थळं परत गेली, तिसऱ्याने होकार दिला. आज तिची मुलं कमावती आहेत.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला खरा मित्र कसा ओळखावा ते सांगितलं. संकटात जो सोडून जात नाही, तो खरा मित्र. आपल्या मुलामुलींना परित्राण पाठ शिकवतो, तसं हेही शिकवावं. आणि सोबत एवढं ध्यानात ठेवावं: फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल-कांद्याचा उपयोग नाही. घड्याळ बघा, झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ आला तर ताबडतोब दवाखान्यात न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि शेजारची एखादी पोर ‘बाहेरचं’ म्हणून दाराआड कोंडली असेल, तर तिच्या मैत्रिणीला तिच्याकडे जायला अडवू नका. जमलं तर तुम्हीही सोबत जा.