गांधीबागेतली गच्ची

आमच्या भागातल्या उन्हाला नावं ठेवणारे पुष्कळ. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५-४६ वर गेला की पेपरवाले लाल अक्षरात छापतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे येणं टाळतात. पण याच उन्हावर आमच्या घराचा पावसाळा निघत होता, हे कोणी छापत नाही. मृग लागला की घरातला होता नव्हता तो पैसा बियाण्यात जायचा. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाला तेव्हा पक्की सडक नव्हती. झड लागली की आठवडी बाजारही चुकायचा. शेतात निंदण-खुरपण करून बायामाणसं घरी येत तेव्हा चुलीवर काय चढायचं? तर डब्यातलं. आणि डबा भरायचा तो उन्हाळ्यात, छपरावर.

माझी माय शाळेत गेली नव्हती, पण वाळवणाचं सारं पंचांग तिच्या डोक्यात होतं. डिसेंबरात हरभऱ्याला फुलं धरायच्या आत शेंडे खुडायचे. त्यानं झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घराला भाजी होते. हे शेंडे आधी सावलीत, मग उन्हात वाळवून हातानं चुरायचे. गाडगंभर भाजी वर्षभर पुरायची. ज्वारीच्या पिठात घोटून, वरून लसणाची फोडणी. जानेवारीत ओल्या तुरीचे सोले. जरा वाफ देऊन वाळवायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वांगी, टमाटर, गवार. उडदाची डाळ आणि किसलेलं पांढरं कोहळं फेसून वड्या. पिठाचा एक गोळा पाण्यात टाकायचा, तरंगला तर वडी हलकी होणार, बुडाला तर अजून फेसायचं. मग भरल्या मिरच्या, आमचूर आणि शेवटी लोणचं. नवतपा लागायच्या आत छपरावरचं काम उरकलंच पाहिजे, असा तिचा कायदा होता. नंतर ढगाचा भरवसा नाही.

हे सगळं वाचायला सोपं वाटते. दहा किलो वांगी चिरून वाळवली तर हाती किलोभरही येत नाही, पाऊणच्या वर थोडंसं. बाकी सगळं पाणी. ते पाणी बाहेर काढणं म्हणजेच वाळवण. पाणी गेलं की बुरशीला जगायला जागा राहत नाही. मीठ तेच काम आतून करते, फोडीतलं पाणी ओढून घेते. लोणच्यावरचं तेल हवा आत येऊ देत नाही. माय लोणच्याच्या किलोभर फोडींना अंदाजे दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ घालायची आणि फोडींवर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे म्हणायची. जवसाचं तेल असायचं तेव्हा. ओला चमचा बरणीत गेला तर हातावर फटका बसे. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा आणि श्रावणात उघडीप पडली की डबे पुन्हा एकदा उन्हात न्यायचे. बस, एवढंच शास्त्र. पण एक दिवस चुकला, संध्याकाळी गोळा करायचं राहिलं आणि रात्री दव पडलं, की आठवड्याची मेहनत काळी.

१९७८ साली मी दहावीला होतो. त्या फेब्रुवारीत वांग्याचं बेसुमार पीक आलं. सगळ्यांचंच आलं. बाबा आणि मी रात्री गावातल्या ट्रकवर पोती टाकून नागपूरच्या कॉटन मार्केटला गेलो. पहाटे लिलाव झाला. भाडं, हमाली, तोलाई, अडत कापून पट्टीवर जो आकडा उरला, तो बाबांनी मला दोनदा वाचायला लावला. शिकलेला पोरगा कदाचित वेगळा वाचेल, असं त्यांना वाटलं असावं. सहा पोत्यांत आमच्या दोघांचा परतीचा एसटीचा पैसा निघाला, वर चहा. दोन पोत्यांना तर कोणी हातच लावला नाही.

शेजारच्या गावचा एक जण आपली पोती तिथंच ओतून मोकळा झाला. बाबाही तेच करणार होते. पण मग म्हणाले, "चाल, बाईकडं टाकू." बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्याबाई. ती गांधीबागेत राहायची. ढकलगाडी केली आणि गांधीसागर तलावाच्या कडेनं, चिटणवीस पार्काजवळून, गाडी ढकलत आम्ही निघालो.

ज्यांनी गांधीबाग पाहिली नाही त्यांना सांगतो. नाव बागेचं, बागही आहे, पण ओळख कापडाची. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत लग्नाचा बस्ता, दुकानदाराचा ठोक माल इथून जातो. बाजूलाच इतवारी, मस्कासाथ. तिखट, हळद, मोहरीची डाळ, मेथ्या, हिंग, जे लागेल ते ठोक. म्हणजे लोणच्याची कैरी आमच्या बांधावरची असली तरी बाकीचं सारं सामान इथूनच यायचं. आत्याबाईचे यजमान एका कापड दुकानात कापड मोजायच्या कामावर होते. वाड्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, आणि त्यावर गच्ची. गच्ची सगळ्या भाडेकरूंची.

त्या गच्चीवर मी पहिल्यांदा पाहिलं की वाळवण फक्त आमच्या गावचं नाही. एका कोपऱ्यात मारवाडी काकू मुगाच्या डाळीच्या मंगोड्या घालत होत्या. त्यांच्या माहेराहून केर-सांगरी यायची, तीही वाळलेलीच. वाळवंटात भाजी पिकते ती थोडे दिवस, म्हणून तिथं झाडाच्या शेंगासुद्धा साठवतात, असं त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या कोपऱ्यात छत्तीसगडकडची एक बाई वड्या घालत होती, आमच्यासारख्याच, फक्त तिकडं त्याला बडी म्हणतात. मधली जागा आत्याबाईची. खाली अंथरायला मांजरपाट, वरून झाकायला मलमल. दोन्ही दुकानातल्या ताग्यांचे उरलेले तुकडे. आमच्या घरी मायचं जुनं लुगडं असायचं, इथं कोरं कापड. मला तेव्हा तेच फार श्रीमंतीचं वाटलं.

दोन पोती वांगी बघून आत्याबाई घाबरली नाही. तिनं शेजारणींना हाक मारली. चिरायला पाच जणी बसल्या. फोड चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडते. एक गोष्ट तिथं नवीन होती. मारवाडी काकूंनी शिकवलेली. उकळत्या पाण्यात फोडी फडक्यात बांधून दोन-तीन मिनिटं धरायच्या आणि मग उन्हात टाकायच्या. फोडीच्या आत जी रंग बिघडवणारी, वास बदलवणारी क्रिया चालू असते ती त्या उकळीनं थांबते. वाळल्यावर रंग टिकतो आणि पावसाळ्यात गरम पाण्यात टाकली की फोड लवकर फुगते. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या सासूनं नाई केलं असं." पण पुढच्या वर्षी चुलीवर गंज चढलाच.

दोन-तीन वर्षांनी दुकानमालकाच्या भावाभावांत वाटण्या झाल्या आणि आत्याबाईच्या यजमानांना घरी बसवलं. तीन लेकरं, दोन खोल्यांचं भाडं. बाबा धान्य पोचवून यायचे, पण आमचंच घर कोरडवाहूवरचं, किती पोचवणार? तेव्हा आत्याबाईनं वाळवण विकायला काढलं. दुकान नाही, पाटी नाही. कापड बाजारात शेकडो माणसं कामाला. हमाल, मुनीम, सुट्या मालाचे फेरीवाले. पावसाळ्यात भाजी महागली की त्यांच्या घरच्या बाया जिना चढून यायच्या. पावशेर वांगं, छटाक सोले, मूठभर वड्या. वाळल्या वांग्यात मूठभर झिंगे टाकले की चार माणसांचं कालवण होते.

तिचा माल कुठला? आमचाच. बाबा कॉटन मार्केटात न खपलेलं, पडत्या भावाचं सारं तिच्याकडं नेऊन टाकायचे. सुरुवातीला ते बहिणीची मदत म्हणून. पण एकदा हिशेब निघाला. जुलै महिना होता, बाबा गांधीबागेत खताच्या पैशाची चणचण सांगत बसले होते. आत्याबाईनं डब्यातून पैसे काढून त्यांच्या पुढं ठेवले. बाबा नको म्हणाले. तर ती म्हणाली, "दादा, हे तुमच्याच वांग्याचे हाय. तुमचं वांगं सकाळी सहाले भाव खाते आन् दहाले कचरा होते. माह्यं वांगं सा महिने वाट पाह्यते. फरक तेवढाच."

मी आयुष्यभर शेती केली, शेतीवर भाषणं ऐकली, दोन-चार ठिकाणी स्वतःही बोललो. पण शेतकऱ्याच्या दुखण्यावर याच्याहून नेमकं मी कुठं ऐकलं नाही. आमची अडचण पिकवायची नव्हतीच. अडचण थांबायची होती. ज्याला थांबता येत नाही त्याचा भाव दुसरा ठरवतो. घराच्या तोंडापुरतं थांबणं आमच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या येत होतं. बाजारापुरतं थांबणं पुरुषांना कधी जमलं नाही.

पुढं मी संत्र्याची बाग लावली तेव्हा हे आणखी कळलं. नागपुरी संत्रं देशभर गेलं, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्यासारखं न थांबणारं फळ नाही. वांगं निदान वाळते. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो. मला वाटायचं, भांड्याचा दोष. पण दोष भांड्याचा नाही. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात असं द्रव्य असते की ते रसाच्या आंबटपणात हळूहळू बदलते आणि त्यातून लिमोनिन नावाचा कडूपणा तयार होतो. म्हणून घरी करायचं तर फोडी सोलून, बिया न चिरडता, हलक्या हातानं रस काढावा आणि प्यावा. टिकवायचाच तर साखरेत आटवावा. साली वाळवून ठेवाव्यात. उटण्याला चालतात.

आमच्या आधीच्या लोकांनाही हे सुचलं होतं. नागपूरच्या संत्रा बागायतदारांनी आपली संस्था काढली, नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतूनच 'नोगा' हे नाव झालं. जॅम, स्क्वॅश, केचपच्या बाटल्यांवर ते नाव अनेकांनी वाचलं असेल. पुढं ते महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडं गेलं. आत्याबाई गच्चीवर जे करत होती तेच कारखान्यात करायचा हा विचार. विचार खराच होता. पण बहार आला की नागपूर, अमरावतीकडून बाजारात लोटणारं संत्रं पाहिलं की कळते, हे काम किती मोठं आहे आणि त्यातलं किती अजून बाकी आहे.

आत्याबाईनं त्या वाळवणावर तिन्ही लेकरांची शिक्षणं केली. तो वाडा आता नाही. तिथं तळघरासकट दुकानांची इमारत आहे. मागच्या वर्षी मेट्रोनं अग्रसेन चौकाच्या स्टेशनावर उतरलो. फलाट उंचावर आहे, आजूबाजूच्या गच्च्या दिसतात. काळ्या टाक्या, पत्र्याची शेडं, मोबाइलचे टॉवर. ऊन तेच, ४५ अंशांचं, पण त्याखाली एकही मांजरपाट अंथरलेला नव्हता. मी शहरवाल्यांना दोष देत नाही. गच्चीला कुलूप आणि चावी सोसायटीच्या सेक्रेटरीकडं, तर वाळवण कुठं घालायचं? आणि पाच जणी चिरायला कुठून आणायच्या?

आमच्या गावात मात्र हे काम परत आलं आहे, जरा वेगळ्या रीतीनं. माझी सून आणि गावातल्या नऊ बाया मिळून बचत गट चालवतात. सोलर ड्रायर घेतला आहे. वरून पारदर्शक झाकण, आतली गरम हवा वर जाते, धूळ नाही, माशी नाही, दवाची भीती नाही. अन्न खात्याची नोंदणी काढली, पुड्यांवर तारीख टाकतात. इतवारीतल्या एका दुकानात माल दिला तर दुकानदार म्हणाला, पैसे दोन महिन्यांनी. घरी येऊन सून मला म्हणाली, "बाबा, वाट पाहायची त आपणच पाहू. त्याच्या दुकानात कशाले?"

यंदा गटानं दोन क्विंटल वांगी वाळवली. भाव पडले होते त्या आठवड्यात गावातूनच घेतली, म्हणून कोणाला कॉटन मार्केटचं भाडं भरावं लागलं नाही. सोळा-सतरा किलो माल झाला. निम्मा विकला. निम्मा त्यांनी मुद्दाम ठेवला आहे, भाजी कडाडली की काढू म्हणतात. डबे माझ्या खोलीत आहेत, कारण ती सगळ्यात कोरडी. दर पंधरा दिवसांनी कोरड्या हातानं झाकण उघडून एक फोड मोडून बघायची. कट्कन मोडली तर ठीक, वाकली तर उन्हात. ते काम त्यांनी माझ्याकडं दिलं आहे.