न सापडणारा ‘दुसऱ्या’

आम्ही पाच-सहा माजी विद्यार्थी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वसतिगृहाच्या संगणक कक्षात मुलांसोबत बसतो. ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हा आमचा विषय. कक्षातील संगणक लिनक्सवर चालतात. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते छंद म्हणून सुरू केले, ही हकिकत मुलांना आवडते. पण आपणही त्यात भर घालावी म्हटले, की माना खाली जातात. “दादा, आम्हाला कोडिंग येत नाही.” आणि त्याहून हळू आवाजात, “इंग्रजी कच्चे आहे.”

ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. घरातून शिकणारी पहिलीच पिढी असली, की जाणत्यांच्या बैठकीत आपण उंबऱ्याबाहेरच बरे, असे वाटत राहते. आम्हालाही वाटत असे.

नववीतील दोन मुलींनी सहलीचा वृत्तांत दोन निरनिराळ्या कळफलकांवर टाइप केला होता. त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द चार ठिकाणी दिसत होता. शोधताना संगणकाला दोनच सापडले. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, प्रोग्रामला निराळे. बर्लिनमधल्या निष्णात प्रोग्रामरलाही हा दोष सहसा दिसणार नाही. तो दिसायला मराठी यावी लागते.

त्यांतील एकीकडून आम्ही चार ओळी लिहून घेतल्या: प्रोग्रामची आवृत्ती कोणती, काय टाइप केले, काय अपेक्षित होते, काय घडले. हीच तक्रार आधी कोणी नोंदवली आहे का, तेही तिलाच शोधायला लावले. अशी नोंद हे योगदानच होय. इंग्रजी मोडके होते. आम्ही एकच वाक्य सुधारले. उत्तरादाखल तपासणाऱ्याने नमुना फाइल मागितली, तेव्हा आपलेच चुकले असे समजून ती गप्प झाली. तो नकार नव्हता, कोणीतरी तिचे लिहिणे लक्षपूर्वक वाचले होते. हे समजावण्यात आमची दुपार गेली. आमच्या मते मार्गदर्शकाचे मुख्य काम तेवढेच. कित्येकदा महिनोन्महिने उत्तरच येत नाही, हेही आधी सांगून ठेवावे.

याने नोकरी मिळेल का, असे पालक विचारतात. केलेले काम नावानिशी सर्वांना दिसते, त्याचा पुढे उपयोग होऊ शकतो; परंतु मुलांना आम्ही ते आमिष दाखवत नाही.

फाइल पाठवली आहे, नोंद अद्याप खुली आहे. सध्या आठवीची दोन मुले लिबरऑफिसच्या मराठी मेनूतील न कळणारे शब्द वहीत उतरवत आहेत. त्यांचे इंग्रजी टिपण पाठवण्यापूर्वी वाचून देणारे कोणी हवे आहे. दुसरा रविवार, दुपारी दोन वाजता, जेवण वसतिगृहातच.