कडी, खुंटी आणि नळ

ऑफिसला सायकलने जाते असं सांगितलं की लोक आधी रहदारीबद्दल विचारतील असं कुणालाही वाटेल. माझा अनुभव वेगळा आहे. पहिला प्रश्न येतो तो घामाचा. ‘मग दिवसभर तशीच बसतेस?’ बायका हा प्रश्न बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी सायकल आहे, अंतर झेपण्यासारखं आहे, इच्छाही आहे. अडतं ते नेमकं इथे. म्हणून मला जे जमलं आणि जसं जमलं ते सगळं नीट सांगावंसं वाटतं.

माझं घर कोथरूडला आणि ऑफिस विद्यापीठ चौकाच्या अलीकडे, एका जुन्या तीन मजली इमारतीत. कर्वे रस्त्याने नळ स्टॉपला यायचं, तिथून लॉ कॉलेज रस्ता आणि पुढे सेनापती बापट रस्ता. अंतर आठ किलोमीटरच्या आसपास. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट, भांडारकर संस्था या भागात झाडांची चांगली सावली मिळते. पुढे वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी यांच्या मधून रस्ता चढत जातो आणि पलीकडे चतुःशृंगीच्या बाजूला उतरतो. माझं काम हिशेबाचं. दिवसभर चार माणसांच्या शेजारी बसायचं, अधूनमधून बाहेरून आलेल्या लोकांशी बोलायचं. इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक स्वच्छतागृह आहे. बेसिन, नळ आणि कमोड, एवढंच. शॉवरचा प्रश्नच येत नाही.

घामाविषयी एक गोष्ट कळली आणि माझी निम्मी भीती गेली. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक ग्रंथींमधून येतं ते पाणी आणि थोडं मीठ. काखेत आणि जांघेत आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्यांचा स्राव जरा दाट असतो. त्वचेवरचे जिवाणू त्या स्रावावर पोसतात आणि वास तयार होतो. याला वेळ लागतो. स्वच्छ धुतलेल्या अंगावर आलेला घाम तासाभरात पुसून टाकला तर वास धरायला सवडच मिळत नाही. म्हणून मी आंघोळ उठल्या उठल्या करत नाही, निघायच्या अगदी आधी करते आणि काखेत साबण नीट लावते. आदल्या दिवशीचा ब्लाउज किंवा टी-शर्ट पुन्हा चढवत नाही, कारण जिवाणू कपड्यातही राहतात. घाम कमी करणारा रोल-ऑन रात्री झोपताना लावते. तेव्हा ग्रंथी शांत असतात, त्यामुळे त्यातलं औषध आत नीट बसतं. ज्यांना रोल-ऑन नको असेल त्यांच्यासाठी तुरटी आहे. ओल्या काखेवरून तुरटीचा खडा फिरवणं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ती काम करते.

दुसरी गोष्ट वेगाची. पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवायला लागतो. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला शरीर घाम काढतं. त्यात हवेचा विरोध असा असतो की वेग दीडपट केला तर हवा कापायला तिपटीहून जास्त ताकद लागते. म्हणजे दहा-अकरा मिनिटं वाचवण्यासाठी आपण घामाचे पाट वाहू देतो. मी सकाळी ताशी चौदा-पंधराच्या वर जात नाही. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकते, सीटवर बसूनच चढते, शेजारून कुणी पुढे गेलं तर जाऊ देते. जोरात चालवायची हौस संध्याकाळी भागवता येते, घरी बादलीभर पाणी वाट पाहत असतं. सकाळी माथा ओलांडला की चतुःशृंगीपर्यंत पायडल मारायचं नाही. तो उतार म्हणजे माझा पंखा. चढावर आलेला घाम तिथे बराचसा वाळतो. ज्यांना दोन-तीन वाटांमधून निवड करता येते त्यांनी चढ आधी आणि उतार शेवटी येईल अशी वाट धरावी, मग ती थोडी लांबची असली तरी चालेल.

पाठीवरची सॅक उतरवून कॅरिअरला पिशवी लावली, तेव्हा जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेच पडला नाही. पाठ हा घाम वाळण्याचा मोठा पृष्ठभाग आहे आणि सॅक तो झाकून टाकते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या दुकानात मिळतात, साधी प्लास्टिकची टोपली बांधली तरी भागतं. डबा, पाण्याची बाटली, कागद सगळं तिथे. चालवताना अंगात सैल, पातळ, जुना सुती टी-शर्ट आणि सलवार असते. पायाशी सलवारीला रबर लावते, म्हणजे ती साखळीत जात नाही. पॉलिएस्टर लवकर वाळतं हे खरं, पण त्यात वास मुरतो आणि धुऊनही लवकर जात नाही. ऑफिसचे कपडे मी अंगावर घालून जातच नाही. सोमवारी एकदा बसने जाते, तेव्हा आठवड्याचे इस्त्री केलेले कुडते आणि आतले कपडे घेऊन जाते आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवते. चपलांचा एक जोड तिथेच असतो.

आता मुख्य गोष्ट, पोचल्यानंतरची पंधरा मिनिटं. सायकल चालत असते तोवर वारा घाम उडवत असतो. आपण थांबतो तेव्हा वारा थांबतो, पण आतली उष्णता तशीच असते, त्यामुळे खरा घाम पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर फुटतो. अशा वेळी धावत वर जाऊन कपडे बदलले तर नवा कुडता पाच मिनिटांत पाठीला चिकटतो. मी खाली थांबते. वॉचमन काकांच्या खुर्चीशेजारी एक स्टूल आहे, तिथे बसून सावकाश पाणी पिते, हेल्मेट काढते, केस मोकळे सोडते. काकांशी चार शब्द होतात. घाम फुटायचा थांबला की वर जाते.

वर गेल्यावर लागतो एक पंचा. जाड टॉवेल दिवसभर ओला राहतो आणि संध्याकाळी कुबट वास येतो. सुती पंचा पातळ असतो, पिळला की मोकळा होतो आणि दुपारपर्यंत वाळतो. आधी मनगटं आणि कोपर थंड पाण्याखाली धरायचे. मग साबण लावून चेहरा, मान आणि कानांमागची जागा धुवायची. पुण्यात घामाइतकीच धूळ असते. विद्यापीठ चौकात पूल पाडला गेला, मग नवा पूल आणि मेट्रोचं काम चाललं, त्या काळात तर पंच्यावर काळा पट्टा उमटत असे. त्यानंतर पंचा भिजवून, घट्ट पिळून काख, पाठ, छाती, गुडघ्यांच्या मागची बाजू पुसायची. पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यात पिळून तेच. शेवटी अंग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. इथे घाई नको, कारण ओलसर अंगावर कपडे घातले की सगळी मेहनत वाया जाते. मग कोरडे आतले कपडे, कुडता, कंगवा, टिकली. या सगळ्याला दोन-तीन तांब्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही.

ऋतूंप्रमाणे यात बदल करावे लागतात. एप्रिलचं ऊन वाईट वाटतं, पण सकाळची कोरडी हवा घाम चटकन उडवते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळण्याऐवजी तो नुसताच ओघळला तर तेवढं काम होत नाही. म्हणून जुलै कठीण. तेव्हा उन्हाळ्यापेक्षा गार असतं, पण हवा दमट असते, घाम अंगावर तसाच राहतो. त्यात रेनकोट घातला की आतून जास्त भिजायला होतं. पाऊस रिमझिम असेल तर मी रेनकोट घालतच नाही, पावसाने भिजून जाते. कपडे बदलायचेच आहेत, आणि पावसाचं पाणी घामापेक्षा बरं. डिसेंबरात उलटा प्रकार. निघताना हुडहुडी भरते म्हणून जाड स्वेटर घातला तर नळ स्टॉपपर्यंत उकडायला लागतं. पहिला किलोमीटर थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे घालावेत.

नवीन सुरुवात करणाऱ्यांना एक सांगायला हवं. उन्हात रोज चालवायला लागलं की आठ-पंधरा दिवसांत शरीर सरावतं, आणि सरावलेलं शरीर घाम लवकर आणि जास्त काढतं. तो जास्त पातळ असतो, त्यात मीठ कमी असतं. त्यामुळे घाम वाढला म्हणून खचून जाऊ नये. ते तब्येत सुधारल्याचं लक्षण आहे.

केसांचा प्रश्न बायकांना खरोखरच सतावतो. हेल्मेटखाली मी पातळ सुती रुमाल बांधते, तो घाम टिपतो. तेल शनिवारी रात्री लावते आणि रविवारी न्हाते, कारण तेलकट केसांत धूळ बसते. स्कूटरवर आपल्याकडच्या मुली चेहऱ्याला ओढणी घट्ट गुंडाळतात, तशी सायकलवर गुंडाळली तर श्वास कोंडतो आणि चेहरा तापतो. धुळीच्या पट्ट्यात नाकावर सैल रुमाल पुरतो. पाळीच्या दिवसांत मी अंगाचा कल बघून ठरवते, कधी सायकल, कधी बस. त्या दिवसांत सायकलपेक्षा मोठी अडचण असायची ती पिशवी कोरड्या जागी टांगायला काही नसणं.

हीच माझी खरी तक्रार होती. पाणी होतं, साबण होता, वेळही मी काढला होता. पण स्वच्छतागृहाच्या दाराची कडी नीट बसत नव्हती, एका पायाने दार दाबून धरावं लागे. भिंतीला एकही खुंटी नव्हती. कोरडे कपडे दातांत किंवा खांद्यावर धरायचे आणि खाली जमीन कायम ओली. अंग पुसणं सोपं होतं, कपडे कोरडे ठेवणं अवघड.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि सायकलनेच जात. कामाचे कपडे तिथेच बदलत, सुटी झाली की हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून परत येत. संध्याकाळी त्यांच्या हातांना साबणाचा वास असायचा. मोठेपणी वाचनात आलं की १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारांसाठी अंग धुण्याची पुरेशी सोय, स्त्रिया आणि पुरुषांसाठी वेगळी आणि आडोशाची, असली पाहिजे असं लिहिलं होतं. कामाच्या वेळी न घातलेले कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा असावी यासाठी राज्य सरकारला नियम करता येतील, अशीही तरतूद होती. हरित इमारतींच्या ‘लीड’ मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत सायकलच्या सोयींचे गुण हवे असतील तर पहिल्या १०० माणसांसाठी एक आणि पुढच्या दर १५० माणसांमागे आणखी एक शॉवर लागतो. कारखान्याला कायदा आहे, काचेच्या नव्या इमारतीला मानांकन आहे. या दोहोंच्या मध्ये पुण्यातली हजारो जुनी ऑफिसं आहेत आणि त्यांत आमचं एक.

तेव्हा मी शॉवर मागितला नाही. ऑफिसात आणि इमारतीच्या सोसायटीकडे पाच गोष्टी लिहून दिल्या. दाराला धड कडी, आत दोन खुंट्या, हात पोचेल अशी एक फळी, जमीन कोरडी करायला वायपर, आणि मीटरच्या खोलीमागे पंचा वाळत घालायला दोरी. खर्च इतका किरकोळ होता की त्यावर कुणी वाद घातला नाही. सुतार अर्ध्या दिवसात काम करून गेला.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिन्याची झाडलोट करणाऱ्या मावशी जनवाडीहून चालत येतात. त्या आता काम संपलं की तोंड-हात धुऊन, साडी बदलून पुढच्या घरी जातात. वॉचमन काकाही सायकलने येतात, माझ्यापेक्षा लांबून, आणि बारा तासांची पाळी करतात. गणवेश घामाने भिजला तरी त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांचाही पंचा दोरीवर वाळत असतो. आमच्या शेजारच्या ऑफिसातली एक मुलगी आता सायकलने यायला लागली आहे. ज्यांना सायकलशी काही देणंघेणं नाही अशा बायकाही खुंटीला पर्स लावतात आणि बरं झालं म्हणतात.

घाम हा कष्टाचा म्हणून आपण त्याचं कौतुक करतो आणि प्रत्यक्षात तो पुसायला जागा देत नाही. सायकलीसाठी वेगळे रस्ते हवेत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. त्याला महापालिका लागते, वर्षं लागतात. कडी आणि खुंटी बसवायला एक सुतार पुरतो. ज्यांच्या हातात ऑफिस आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे कुणी सायकलने का येत नाही, असा प्रश्न पडला तर स्वच्छतागृहात जा आणि दार आतून लावून पाहा. कडी बसते का, कपडे टांगायला काही आहे का, जमीन कोरडी आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर सात-आठ किलोमीटरचं अंतर पुष्कळ जणींच्या आवाक्यात आहे.